तेल, मीठ आणि समाधान

दोन वर्षांपूर्वीच्या मदर्स डेला मी मायचा एक फोटो टाकला होता. चाळीसगावच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात ती पाट्यावर चटणी वाटतेय, बाजूला पितळी तांब्या, मागे तुळस. खाली मी लिहिलं होतं की हिच्याकडे तीन साड्या आहेत, एक चष्मा आहे आणि हिला आयुष्यात काहीच नकोय. मिनिमलिझम शिकायला जपानला जायची गरज नाही. फोटोला लाइक्स भरपूर मिळाले. हिंजवडीतल्या माझ्या टीममधल्या तिघांनी तो स्टोरीला लावला.

मागच्या दिवाळीत कळलं, की तो फोटो काढला तेव्हा मायला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता. चटणी ती अंदाजाने वाटत होती. हे मला मावशीने सांगितलं, तेही चुकून. मी मायला विचारलं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, "माले काय करनं शे? तुना हप्ता चालू शेतस." हप्ते म्हणजे माझ्या पुण्यातल्या फ्लॅटचे, आणि खरं सांगायचं तर एका मोटरसायकलचे, जी मी महिन्यातून दोनदा चालवतो.

एवढ्यावरून हा लेख आईवर असेल असं वाटलं असेल, तर तो एका पुस्तकावर आहे. ते घटना कळल्यानंतर मी पुन्हा वाचलं आणि आपण सगळे ते चुकीचं वाचत आलोय असं माझं मत झालं. पुस्तक साने गुरुजींचं ‘श्यामची आई’.

हे पुस्तक वाचलेलं नाही असा मराठी माणूस मिळणं कठीण, आणि मोठेपणी पुन्हा वाचलं असं सांगणारा मिळणं त्याहून कठीण. शाळेत बक्षीस म्हणून मिळतं. आठवतो तो एकच ठसा : गरिबी, संस्कार, डोळ्यांत पाणी. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाने, ज्याला देशाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो ठसा आणखी पक्का केला. आणि त्या ठशाच्या खाली आपण मनातल्या मनात एक वाक्य लिहून ठेवलंय, की बघा, काही नव्हतं तरी किती समाधानी होते. हल्ली फॉरवर्डमध्ये, रीलमध्ये, कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये जे ‘आंतरिक समाधान’ विकलं जातं त्याला मराठीत एक तयार चेहरा लागतो. तो बहुतेक वेळा या आईचा असतो, किंवा तिच्यासारख्याच कुणाचा तरी. मी माझ्या मायचा वापरला.

आधी पुस्तकातल्या वस्तू मोजू या. इंजिनिअरची खोड आहे, चालवून घ्या. समाधानाच्या पुस्तकात वस्तू कमी असायला हव्यात. इथे उलट आहे. एक कोट आहे : धाकट्या भावाला नवा कोट हवाय, घरात पैसे नाहीत, म्हणून दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून तो शिवून घेतो आणि घरी नेतो. घरातला पहिला प्रश्न पैसे कुठून आले हा असतो. एक धोतर आहे : वडिलांचं धोतर फाटलंय, दिवाळी आलीय, आणि आई स्वतःसाठी काही घेण्याऐवजी भावाने दिलेल्या भाऊबीजेच्या पैशांतून त्यांच्यासाठी धोतर आणवते. एक भाजी आहे, जिच्यात मीठ पडलेलं नाही. पुस्तकं आहेत, जी विकत घेता यावीत म्हणून श्याम चोरी करतो. आणि तेल-मीठ आहे, ज्यांच्यावर एक अख्खी ‘रात्र’ आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो अशी या पुस्तकाची रचना, आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. त्यांतल्या कितीतरी रात्री एखाद्या वस्तूभोवती फिरतात.

साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ अशा पाच दिवसांत लिहिलं. तुरुंगात बसलेला माणूस पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या आईची आठवण काढतोय आणि त्याला मीठ आठवतंय, कोट आठवतोय, धोतर आठवतंय. वैराग्य आलेला माणूस असं लिहीत नाही. ज्याने प्रत्येक गोष्टीची किंमत घरात मोजली जाताना ऐकलीय, तो असं लिहितो. माझे अण्णा किराणा दुकान चालवायचे. त्यांनाही कुठल्या वर्षी गोडेतेलाचा डबा कितीला होता ते तोंडपाठ असायचं. त्याला आम्ही कधी लोभ म्हटलं नाही.

म्हणजे या घरात उपभोग आहे. फक्त प्रत्येक उपभोगामागे कुणाचा तरी हात दिसतो. कोट कुणी शिवून आणला, धोतराचे पैसे कुणाच्या वाट्याचे होते, हे सगळ्यांना माहीत आहे. मी ऑर्डर केलेल्या हेडफोनमागचा हात मला दिसत नाही, म्हणून मी चौथा हेडफोन मागवू शकतो. हा फरक माझ्या मते पुस्तकातल्या श्रीमंत-गरीब या फरकापेक्षा मोठा आहे.

आता ती अळणी भाजी. प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती गोड मानून खातात, काही बोलत नाहीत, श्यामही तसंच करतो. शेवटी आई जेवायला बसते आणि पहिल्या घासाला तिला कळतं. ती वाईट वाटून घेते, आणि वडिलांच्या मनाचा मोठेपणा आपल्याला दिसतो. लहानपणी मला हा प्रसंग फार आवडायचा.

परवा वाचताना मी एका साध्या तपशिलाशी अडकलो. आई शेवटी जेवायला बसते म्हणून तिला शेवटी कळतं. प्रसंगाची सगळी गंमत, सगळा नैतिक उजेड, या एका गोष्टीवर उभा आहे की बाई सगळ्यांच्या नंतर जेवते. वडिलांचं त्या दिवसाचं समाधान ही एक कृती आहे, त्यांनी ठरवून केलेली, म्हणून गोष्टीत आली. आईचं रोजचं समाधान, उरलंसुरलं खाण्याचं, कुणी सांगितलेलंच नाही. ते गृहीत आहे, ताटाखालच्या पाटासारखं. गुरुजींनी हे जाणूनबुजून लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण ते इतके प्रामाणिक लेखक आहेत की त्यांच्या उपदेशाला जे दिसत नाही ते त्यांच्या प्रसंगात सापडतं.

गुरुजींची हीच अडचण आहे आणि हीच ताकद. त्यांच्यात दोन लेखक आहेत. एक प्रवचन देतो : गहिवरतो, उपमांवर उपमा चढवतो, प्रत्येक रात्रीच्या शेवटी काहीतरी शिकवू पाहतो. दुसरा फक्त बघतो. पहिल्याला कंटाळून अनेक हुशार वाचकांनी पुस्तक ‘रडकं’ म्हणून बाजूला टाकलं. त्यांचं अगदीच चूक नाही. काही पानं मलाही आज वाचवत नाहीत. पण दुसऱ्या लेखकाकडे बघायचंच नाही, हा आळस झाला.

दुसऱ्या लेखकाने एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवलीय जी आपल्या ठशात येत नाही. या पुस्तकाचा खलनायक गरिबी नाही, कर्ज आहे. एका रात्रीचं नावच कर्जाला जिवंतपणीचा नरक म्हणणारं आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो. घराच्या जप्तीची दवंडी गावातून फिरते आणि शेवटी आईचं आजारपण त्या नामुष्कीच्या सावलीतच येतं. आणि हे कर्ज चैनीतून आलेलं नाही. कोणी मोटरसायकल घेतली नव्हती. एकेकाळच्या खोताचं घर, वाटण्या, घराण्याची अब्रू, जुन्या इभ्रतीने जगण्याचा खर्च आणि त्यावर चढत जाणारं व्याज यांतून ते वाढलं.

या कर्जाबद्दल घरात एकच माणूस रोकठोक बोलतं, आणि ते म्हणजे आई. जमीन विका, कर्ज फेडा आणि मोकळे व्हा, असं तिचं म्हणणं. वडिलांना जमिनीचा मोह सुटत नाही, आणि बायकांना यातलं काय कळतं हे त्यांचं उत्तर. म्हणजे बघा : ज्या बाईला आपण समाधानाची मूर्ती करून कॅलेंडरवर छापलं, ती घरातली एकमेव असमाधानी व्यक्ती आहे. तीन साड्यांबद्दल तिची तक्रार नाही. मिंधेपणाबद्दल आहे, आणि ती तक्रार ती मरेपर्यंत सोडत नाही. वस्तूंच्या बाबतीतलं समाधान आणि परिस्थितीच्या बाबतीतलं समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पक्कं माहीत आहे. गोंधळ आपला आहे.

हा गोंधळ परंपरेने घातला का, असा प्रश्न साहजिकच येतो. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ‘ह्युमन व्हॅल्यूज’ नावाचा एक विषय होता, तो सगळ्यांनी आदल्या रात्री झेरॉक्स काढून पास केला. पण गेल्या काही महिन्यांत मूळ ग्रंथ अनुवाद हाताशी धरून चाळले, आणि एक गोष्ट लक्षात आली जी मला कुठल्याच रीलमध्ये भेटली नव्हती.

पतंजलीच्या योगसूत्रांत ‘संतोष’ आहे, पण तो नियमांमध्ये आहे. नियम म्हणजे माणसाने स्वतःपुरते पाळायचे. त्याच्या आधी यम येतात, म्हणजे इतरांशी वागण्याचे : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. अपरिग्रह म्हणजे साठवून न ठेवणं. क्रम पाहा. आधी दुसऱ्याचं घ्यायचं नाही, गरजेपलीकडे साठवायचं नाही, आणि मग स्वतःपुरता संतोष. बाजाराने यातलं दुसरं अर्धं उचललं. संतोषाची अ‍ॅप्स आहेत, पॉडकास्ट आहेत, दोन दिवसांचे निवासी कोर्स आहेत. अपरिग्रहाचं अ‍ॅप मला सापडलं नाही. ते विकायचं कसं आणि कुणाला, हा प्रॉडक्ट मॅनेजरपुढचा फार अवघड प्रश्न असेल.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो त्याला चोर म्हटलंय. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला जे सांगतो ते तर आजच्या भाषेत जहाल वाटेल : माणसाचा हक्क पोट भरेल एवढ्यावरच, त्याहून जास्त आपलं मानणारा चोर आहे आणि दंडाला पात्र आहे. हे तो कुणाला सांगतोय? राजाला. उपाशी माणसाला नाही. ईशोपनिषदाचा पहिला मंत्रही भोगाला नाही म्हणत नाही. त्याग करून भोग घ्या आणि दुसऱ्याच्या धनाकडे बघू नका एवढंच सांगतो. एवढ्यावरून परंपरा निर्दोष ठरते असं नाही. याच परंपरेत वर्णाने ठरवून दिलेल्या कामात समाधान माना हेही सांगितलं गेलं, आणि ते ज्यांना सांगितलं गेलं त्यांनी त्याचं काय केलं हा इतिहास आपल्याला महाडपासून पंढरपूरपर्यंत माहीत आहे. संतोष वरून खाली सांगितला की त्याचा अर्थ बदलतो. माझा मुद्दा एवढाच, की निदान काही ग्रंथांनी तो वरच्यांना सांगून पाहिला होता.

आणि तुकोबा. समाधानाचा विषय निघाला की त्यांचा देवाने ठेवलंय तसं राहण्याचा अभंग हमखास काढला जातो. पण तो म्हणणारा माणूस कोण होता? देहूच्या महाजनाच्या घरातला, दुकान चालवणारा, सावकारी असलेला. १६३० च्या दुष्काळाने त्याचं घर मोडलं, पहिली बायको गेली. महिपतींच्या चरित्रातून चालत आलेली कथा अशी, की त्याने लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं काढली, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. कथा म्हणून घ्या हवं तर. तरी तिचा आकार बघा. समाधानाची पहिली पायरी म्हणून तो आपल्या गरजा कमी करत नाही, तर दुसऱ्यांच्या मानेवरचं आपलं ओझं उचलतो. देणेकऱ्याला ‘समाधानी राहा’ म्हणणं आणि सावकाराने खतं बुडवणं या दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. शिवाय याच तुकोबांनी चांगल्या व्यवहाराने धन जोडायला आणि ते मनाने न चिकटता खर्च करायलाही सांगितलंय. तो अभंग भिंतींवर कमी दिसतो.

अण्णांनी दुकान बंद केलं तेव्हा उधारीच्या वह्या माळ्यावर टाकल्या. बुडवल्या नाहीत, आणि वसूलही केल्या नाहीत. विचारलं तर म्हणायचे, ज्याला द्यायचे त्याला माहीत आहे. हे वैराग्य होतं की थकवा, मला आजही ठरवता येत नाही.

पण साने गुरुजींकडे परत येऊ, कारण त्यांची गोष्ट आमच्या जिल्ह्यातून जाते आणि ती मला ‘श्यामची आई’ची न लिहिलेली त्रेचाळिसावी रात्र वाटते.

पालगडचा, कोकणातला हा मुलगा खानदेशात आला तो अमळनेरला, आणि आला तो वेदान्त शिकायला. अमळनेरात प्रताप शेठ या गिरणीमालकाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं. देशभरातून अभ्यासक तिथे राहायला येत. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस तिथे संचालक म्हणून आला. क्षणभर कल्पना करा : एका बाजूला सूतगिरणीचा भोंगा, दुसऱ्या बाजूला जग मिथ्या आहे की नाही यावर चर्चा, आणि दोन्हींचा खर्च एकाच खिशातून. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आमच्या चाळीसगावपासून अठरा किलोमीटरवर पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला. त्या मठाला काय दिलं हे लेखात नोंदवलंय, आणि त्यात पाटणच्या बाजारात उघडणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा आहे. ज्ञानाचा, ध्यानाचा, मठाचा खर्च कुठल्या तरी बाजारातूनच येतो. शिलालेख निदान ते लपवत नाही. आजचे आश्रम देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरतात खरे, पण प्रवचनात मात्र बाजाराला मोहमाया म्हणतात.

तर गुरुजी तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि तिथे रमले नाहीत. १९२४ मध्ये ते त्याच गावातल्या शाळेत मास्तर झाले, वसतिगृह सांभाळू लागले. मुलांचे कपडे धुऊन ठेवणारा, त्यांची अंथरुणं आवरणारा हा मास्तर. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. पुढे याच खानदेशात शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्यासाठी, गिरणी कामगारांसाठी उभे राहिले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले आणि मंदिर उघडलं. स्वतःसाठी या माणसाला काही नको होतं, हे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांनी लिहिलंय. आणि दुसऱ्यांच्या वाट्याला जे येतंय त्याबद्दल हा माणूस एक दिवसही समाधानी राहू शकला नाही. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यामागे काय होतं यावर मी काही बोलणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण गुरुजींना शांत, गोड, समाधानी मास्तर करून ठेवणाऱ्यांनी ही तारीख पुसू नये.

आईकडून काय घेतलं? स्वतःच्या साडीबद्दल समाधान आणि दारातल्या सावकाराबद्दल असमाधान. मुलाने हे दोन्ही तिच्याकडूनच उचललं असं मला वाटतं. आपण, पुस्तकाच्या वाचकांनी, पहिलं तेवढं पाठ केलं.

अमळनेरची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९४५ च्या डिसेंबरमध्ये एक वनस्पती तुपाची कंपनी नोंदवली गेली आणि तिची गिरणी अमळनेरात उभी राहिली. तीच पुढे विप्रो झाली. तेव्हा हौसेने शेअर घेऊन विसरून गेलेल्या घरांची पुढे काय भरभराट झाली याच्या कथा आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत सांगतात. म्हणजे वेदान्ताचं मंदिर, साने गुरुजींची शाळा आणि माझ्या धंद्यातली एक बडी कंपनी, तिन्ही एकाच लहान गावातून. आमच्या नातेवाइकांत या तिन्हींपैकी शेअरची कथा सर्वांत जास्त सांगितली जाते आणि ती सांगताना आवाजात जी हळहळ असते ती कुठल्याही प्रवचनाने जात नाही.

आणि चाळीसगावात केकी मूस होते. स्टेशनजवळचं त्यांचं दगडी घर आता संग्रहालय आहे. इंग्लंडहून कला शिकून आलेला हा पारशी छायाचित्रकार जवळजवळ पन्नास वर्षं त्या घरातून क्वचितच बाहेर पडला आणि १९८९ मध्ये तिथेच गेला. गावात सांगतात की तो एका मैत्रिणीची वाट बघत होता आणि पंजाब मेलच्या वेळेला दार उघडं ठेवायचा. लहानपणी आम्हाला तिथे सहलीला नेलं तेव्हा सरांनी सांगितलं, बघा, किती समाधानी माणूस, कुठे गेलाच नाही. मी तेव्हाही विचारलं होतं (आणि ओरडा खाल्ला होता), की सर, वाट बघणारा माणूस समाधानी कसा? घर वस्तूंनी, फोटोंनी, जमवलेल्या कलाकृतींनी खच्चून भरलेलं होतं. पण तो मॉलमध्ये गेला नाही, म्हणून आपल्या हिशेबात समाधानी. कोणी खर्च करताना दिसत नसेल तर आपण त्याच्या आतलं सगळं परस्पर ठरवून टाकतो.

मी मायच्या बाबतीत नेमकं हेच केलं. ‘मला काही नको’ हे वाक्य ऐकलं आणि त्याला अध्यात्म समजलो. ते एका बाजूने सोयीचं होतं. तिला काही नको असेल तर माझे हप्ते माझ्यापुरते. तिच्या समाधानावर माझा उपभोग उभा होता, हे त्या फोटोत दिसत नाही. कॅप्शन मी फार चांगलं लिहिलं होतं.

मग मी काय करायला हवं होतं? सगळं विकून साधं राहायचं? माझ्या पिढीत ती फॅशनही येऊन गेली. रिकाम्या पांढऱ्या खोलीत एक गादी आणि एक लॅपटॉप ठेवून राहणारे माझे दोन मित्र आहेत. त्यांचं जेवण, कपडे, प्रवास, सगळं फोनमधून येतं, आणि आणून देणारा मुलगा पावसात लिफ्टपाशी उभा असतो. खोलीत वस्तू नाहीत एवढंच. श्यामच्या घराशी याची तुलना करा. तिथे तेल-मीठ नसणं दिसतं, त्याचा हिशेब घरातल्या सगळ्यांना माहीत असतो. या पांढऱ्या खोलीचा हिशेब दुसरीकडे कुठेतरी चालतो. याला मी समाधान म्हणायला तयार नाही. पण माझी चौथ्या हेडफोनची गोष्ट वर सांगितलीच आहे, त्यामुळे फार जोरात बोलायलाही तयार नाही.

मोटरसायकल विकली. हे त्याग म्हणून सांगत नाही. ऑपरेशनला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे आले आणि उरलेले फ्लॅटच्या कर्जात गेले. ऑपरेशन धुळ्याला झालं, वीस मिनिटांत. पट्टी काढल्यावर माय घरी आली आणि तिने पहिल्यांदा स्वयंपाकघरातली जळमटं पाहिली. दोन दिवस बोलत होती की एवढी घाण होती आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत. मग तिने यादी केली. ट्यूबलाइट, मोठ्या भांड्याचा मिक्सर, नवी साडी नको पण दोन परकर, आणि वाचायला काहीतरी, कारण आता दिसतंय.

माझ्या बॅगेत खुणा करून ठेवलेली ‘श्यामची आई’ होती, ती दिली. सातवीपर्यंत शिकलेली आहे, हळू वाचते, ओठ हलवत. मी पुण्याला परत आलो. पंधरा दिवसांनी फोनवर म्हणाली की संपत आलंय. मला वाटलं रडली असेल. विचारलं, कसं वाटलं?

"त्याना बापनी ते शेत ईकाले जोयजे व्हतं," ती म्हणाली. "ती बिचारी सांगी ऱ्हायंती." मग लगेच विचारलं, मिक्सरचं काय ठरलं.